तारखेवरचं भोक

भोकातून उजेड येत होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, पिवळा, आणि कागद जरासा हलवला की तो उजेड समोरच्या भिंतीवरून सरकत खिळ्यापर्यंत जायचा, परत यायचा. रंगरावांनी पावती डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली. कंपनीचं नाव शाबूत होतं. संजीवनीचं नाव होतं, रक्कम होती, एजन्सीवाल्याची गांडुळासारखी सही होती. फक्त 'दिनांक' या छापील शब्दापुढे, जिथं काहीतरी असायला पाहिजे, तिथं भोक होतं, आणि भोकाच्या कडेला निळ्या शाईचं एक शेपूट उरलं होतं. ते दोनाचं की तिनाचं की साताचं, हे आता लिहिणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

मला येतं सांगता... असं मनात आलं आणि त्यांनी घाईनं पावतीची घडी करून ती बंडीच्या आतल्या खिशात टाकली. लगेच काढली. त्या खिशात नाही. त्या खिशानंच तर घात केला होता. मग सदऱ्याच्या वरच्या खिशात, चष्म्याच्या घराशेजारी ठेवली आणि वरून तळहात दाबून बसले, छातीत कळ आलेला माणूस बसतो तसे.

"मामाजी, साडेनऊची गाडी हाय," स्वयंपाकघरातून संजीवनी म्हणाली. "भाकर खाऊन घ्या."

"हाव," ते म्हणाले आणि बसून राहिले.

त्यांच्या या सुनेला शाळेच्या गणवेशांचं काम मिळत होतं. जूनच्या आत तीनशे जोड शिवून द्यायचे. एका पायमशीनवर ते होण्यासारखं नव्हतं, म्हणून विजेवरच्या दोन मशिनी आणि काजं करायची एक मशीन घ्यायला तिनं बँकेत कर्जाचा अर्ज टाकला होता, आणि अर्ज परत आला होता. कुठंतरी मोठ्या शहरात कोणीतरी सगळ्या देशातल्या माणसांच्या देण्याघेण्याची नोंद ठेवतं म्हणे, आणि त्या नोंदीत होतं की संजीवनी हरिओम नारखेडे या बाईनं चार वर्षांपूर्वी घरच्या इंटरनेटचं एक बिल भरलेलं नाही. वाटीभर साखर उसनी आणली तर परत करताना शीग लावून देणारी ही बाई. पण ते त्या नोंद ठेवणाऱ्याला कोण सांगणार, त्याच्याकडे साखरेचा रकाना नसेल.

परवा बँकेतून आली तेव्हा ती चिडलेली नव्हती, हेच रंगरावांना जास्त लागलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मामाजी, ते जुन्या इंटरनेटचं एक बिल कुठी अटकलं वाटते. पावती असंन ना तारेत?" आणि 'असंन ना' म्हणताना तिच्या आवाजात इतकी खात्री होती, की रंगरावांना एकदम आपण म्हातारे झालो आहोत असं वाटलं.

पावती तारेत होती. नसायचं कारणच नव्हतं.

ही तार रंगरावांच्या आयुष्यात संसाराच्या आधीपासून होती. मलकापुरातल्या एका जिनिंगमध्ये ते तीस वर्षं काट्यावर होते. कापसाच्या गाड्या यायच्या, वजन व्हायचं, चिठ्ठी फाडायची, तिची दुसरी प्रत टेबलावरच्या तारेत ओवायची. खाली लाकडाचं बूड, वर उभी टोकदार तार. संध्याकाळी तारेवर कागदांचा गठ्ठा चढायचा आणि त्या गठ्ठ्यात दिवसभरातली एकेक गाडी आली त्या क्रमानं बसलेली असायची. नव्यानं कामाला आलेल्या प्रत्येकाला रंगराव पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे : डाव्या हाताचा वरचा कोपरा, तिथंच टोचायचं, तारीख, वजन आणि सही या तिघांच्या अंगाला तार लागता कामा नये. निवृत्तीच्या दिवशी मालकानं शाल दिली, नारळ दिला, आणि "अजून काय पाहिजे रंगराव?" असं सहज विचारलं, तर या गृहस्थानं तार मागून घेतली. अंबूबाई आजही चारचौघींत सांगते, लोकं सोन्याची अंगठी मागतात, आमच्या माणसानं लोखंड मागितलं.

तेव्हापासून घरातल्या सगळ्या पावत्या त्या तारेत. लाइट, घरपट्टी, गॅस, दवाखाना. संजीवनी माहेरच्या सोनाळ्याहून नवी नवी आली होती तेव्हा एकदा तिनं हौसेनं पावती ओवली आणि नेमकी मधोमध टोचली, आणि रंगराव म्हणाले होते, "बाई, कागद झाला म्हनून काय, त्याच्या पोटात नाई भोसकू." ती पदर तोंडावर धरून हसली होती. तिला कोपऱ्याचा नियम समजावून सांगितला होता. नंतर ती कधी चुकली नाही.

म्हणजे तिला हे भोक कळणार. आज नाही तर मलकापुरात कळणार, तक्रार लिहून घेणाऱ्या वाहेदच्या टेबलावर, चार माणसांत...

आणि महिन्याची दहा तारीख. दहा तारखेला सगळी बिलं घेऊन मलकापूरला जायचं, हा रंगरावांचा निवृत्तीनंतरचा नेम. धुतलेला सदरा, टोपी, पिशवी. अर्ध्या तासाचा एसटीचा रस्ता. लाइटच्या खिडकीवर रांग, गॅसवाल्याकडे दोन शब्द, मग इंटरनेटच्या एजन्सीत. मधे चहा. ओळखीचं कोणी ना कोणी भेटायचंच, "काय काटेवाले, कसं काय?" म्हणायचं, आणि या एका हाकेवर त्यांचा पुढचा महिना निघायचा. खरं म्हणजे ही सगळी बिलं फोनवरून, दूध उतू जायला लागतं तेवढ्या वेळात भरता येतात, हे त्यांना माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. हरिओम जालन्याला कारखान्यात आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो, तो एकदा म्हणालाही होता, बाबांना कशाला उन्हातान्हाचं पाठवता. तेव्हा भिंतीपलीकडून रंगरावांनी सुनेचा आवाज ऐकला होता, "राहू द्या ना. मामाजी जातेत तं चार मानसं भेटतेत त्याइले." ऐकून बरं वाटलं होतं. थोडं टोचलंही होतं, पण बरंच जास्त वाटलं होतं.

त्या वर्षीच्या जुलैच्या दहा तारखेला काय झालं... काहीच झालं नाही. तेच तर. लाइटचं बिल भरलं, गॅसवाल्याकडे जाऊन आले, आणि एजन्सीकडे जाताना पाय जिनिंगच्या रस्त्याला वळले. जिनिंग बंद पडून वर्ष झालं होतं. फाटकावर रंगीत कमान होती, आत मंगल कार्यालय, आणि जिथं काटा होता, नेमका काटा, तिथं नवरा-नवरीच्या खुर्च्यांचा मंच. एक माणूस मंचावर पाइपनं पाणी मारत होता. रंगराव फाटकाशी उभे राहिले. कापसाचा वास येतो का बघत होते. किती वेळ उभे राहिले कोणास ठाऊक. गाडीची वेळ झाली तसे स्टँडवर आले आणि गाडीत बसले. घरी संजीवनीनं नेहमीसारखं विचारलं, "भरलं का सगळं, मामाजी?" आणि ते म्हणाले, "हाव, भरलं." खोटं बोललो नव्हतो. देवाशपथ मला वाटत होतं की भरलंय. एजन्सीतला तो पंखा, तो गांडूळ सहीवाला, सगळं मला दिसत होतं, फक्त ते मागच्या महिन्याचं होतं.

पाऊण महिन्यानं अंबूबाईनं बंडी धुवायला काढली. नोटा आणि बिल, घडीत घडी, आतल्या खिशात. बिलाचा लगदा झाला होता. नोटा तिनं तव्यावर वाळवल्या, भाकरी शेकावी तशा उलटून पालटून, आणि काही न बोलता नवऱ्याच्या उशीखाली ठेवून दिल्या. रंगरावांना त्या रात्री उशीखाली हात गेला तेव्हा कळलं.

कळलं म्हणजे काय, पायाखालची फरशी हलली. तीस वर्षांत काट्यावर छटाकाचा फरक पडू दिला नाही, त्या माणसाला महिनाभर पत्ता नाही की आपण काय केलं नाही. बिल राहिलं याचं काही नाही, पैसे टाकले की ते मिटतं. पण मला आठवत होतं की मी भरलं... जे झालंच नाही ते आठवत होतं... मग आणखी काय काय असं आठवत असेल? आणि हे घरात कळलं तर? कोणी रागावणार नाही. तिथंच तर भीती होती. हरिओम प्रेमानं म्हणेल, बाबा, आता पुरे, आराम करा. आणि दहा तारीख जाईल. मग अकरा जाईल. मग सगळ्या तारखा सारख्याच.

पुढं आणखी पंधरा-वीस दिवस हिंमत होण्यात गेले. पोळ्याच्या तीन दिवस आधी, तेवीस ऑगस्टला, शेजारच्या कडूबाच्या बैलाची वेसण आणायचं निमित्त काढून ते मलकापूरला गेले. उशिराचा दंड आपल्या पेन्शनीतून भरला. एजन्सीवाला फोनवर बोलता बोलता पावती फाडून मोकळा झाला. संध्याकाळी घरात कोणी नाही बघून रंगराव तारेसमोर उभे राहिले, कोपरा तारेच्या टोकाला लावला, आणि त्यांचं लक्ष तारखेकडे गेलं. तेवीस, आठ. कोणीही वाचावं अशी. क्षणभर थांबले. मग कागद सरकवला आणि तारखेवर टोचला. तेवढ्यानं आकडे जाईनात, म्हणून फिरवला. परत फिरवला.

कापसाच्या गाडीवर माणूस बसवून वजन वाढवणारे लोक त्यांनी पकडले होते. त्यातल्या एकालाही असा घाम फुटलेला त्यांनी पाहिला नव्हता.

दिवाळीत ते इंटरनेट बंदच केलं, फोनवरचं पुरत होतं. नवं बिल आलं नाही, जुन्याचा विषय निघाला नाही. चार वर्षं.

"गेले नाई अजून?" अंबूबाई दारात उभी होती, हातात सुपात तूर. नवऱ्याच्या खिशावरच्या हाताकडे तिनं एकदा पाहिलं. "धरून बसा. पाखरू हाय, उडून जाईन."

"तुले काय होते बोलाले. तिथी वाहेद इचारन, तारीख कुठी गेली म्हनून."

"मंग सांगजा."

"काय सांगू?"

अंबूबाईनं सूप हलवलं. खडे एका बाजूला यायला लागले. "मले काऊन इचारता? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनून म्या चार साल तोंड नाई उघडलं. पन आता तुमच्या मुठीपायी पोरीच्या मशिनी अडून राह्यल्या." आणि खडा उचलून अंगणात टाकत म्हणाली, "भाकर खा. उपाशी पोटी तं खरंबी बोलता येत नाई."

गाडीत संजीवनीनं त्यांना खिडकीची जागा दिली. चैत्रातलं ऊन सकाळी दहालाच पांढरं झालं होतं. तिच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात आधार कार्ड, बँकेचं पत्र, आणि शाळेनं दिलेला कापडाचा तुकडा : निळ्या चौकड्या. तिनं तो तुकडा काढून बोटांत चोळून पाहिला आणि परत ठेवला. रंगरावांनी हे तीनदा पाहिलं. आता सांगावं. आता, पूल यायच्या आत. पूल आला. बरं मग बाजार समितीच्या आत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं भर उन्हात चांदणं पडलं होतं आणि ती शेजारी बसून म्हणत होती, "मामाजी, पडदा ओढू का? ऊन लागून राह्यलं तुमाले."

"राहू दे," ते म्हणाले.

हिनं आपल्याला कधी दुखावलं नाही. हे त्यांना त्या पडद्याच्या प्रश्नानं कळलं नाही, कळत होतंच, पण असं सबंध, एकदम समोर आलं, की त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. पोटची पोर असती तर भांडली तरी असती.

वाहेदचं सुविधा केंद्र स्टँडच्या मागं होतं. त्याचे वडील जिनिंगमध्ये रंगरावांच्या हाताखाली होते आणि वाहेद शाळेत हरिओमच्या बाकावर. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, पाण्याचे ग्लास ठेवले, आणि पावती हातात घेऊन ट्यूबलाइटकडे धरली. उजेडाचा ठिपका त्याच्या कपाळावर पडला.

"काका, तारीखच गेली ना भोकात."

"हाव."

"तुमच्या हातून?" तो हसला. "आमच्या अब्बांले तं तुमी एका चिठ्ठीपायी दिवसभर उभं केलं होतं म्हन्ते."

रंगराव हसले नाहीत. संजीवनीही नाही. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती, तिथं तिचं नाव इंग्रजीत होतं आणि नावाखाली एक ओळ लाल.

"पाहा वहिनी," वाहेद म्हणाला, "यात दोन गोष्टी हायेत. बिल उशिरा भरलं असंन तं उशीर झाला हे राह्यनच. खरं हाय थे पुसत नाई कोनी. पन पैसे भरल्यावरबी भरलेच नाई म्हनून दाखवून राह्यले, थे त्याइची चूक. तक्रार टाकली का तीस दिवसांत दुरुस्त करा लागते त्याइले. नाई केलं तं रोजचे शंभर रुपये तुमाले द्या लागते. आता नियम हाय तसा."

"मंग टाका."

"टाकतो. पन भरल्याची तारीख मांगते इथी. त्याइच्या नोंदीशी जुळली पाह्यजे. चुकीची टाकली तं फेटाळतीन, मंग पुन्यांदा पयल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे जून गेला. जून गेला म्हणजे निळ्या चौकड्या दुसऱ्या कोणाच्या मशीनवर.

वाहेदची बोटं थांबली होती. संजीवनीनं मान वळवली नाही. तिनं विचारलं असतं, "मामाजी, किती तारीख?" तर कदाचित जिभेवर सवयीनं दहा आलं असतं. गेली पंधरा वर्षं तेच येत होतं. पण ती विचारत नव्हती. पंखा फिरत होता. बाहेर कंडक्टर बुलढाणा, बुलढाणा ओरडत होता. आणि रंगरावांना एकाएकी जिनिंगमधली ती दुपार आठवली, जेव्हा एका शेतकऱ्यानं काट्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "खरं वजन हाय ना, काटेवाले?" आणि ते म्हणाले होते, माझ्याकडे कशाला बघता, काट्याकडे बघा. किती सोपं होतं तेव्हा. काटा होता ना.

"तेवीस," ते म्हणाले.

आवाज बारीक आला. वाहेदनं की दाबली. "तेवीस... जुलै?"

आता महिना. एकदा तोंड उघडलं की सगळंच काढावं लागतं. त्यांनी ओठ ओले केले —

"ऑगस्ट," संजीवनी म्हणाली. पडद्याकडेच बघत. "तेवीस ऑगस्ट. पोळ्याच्या तीन दिवस आधी."

वाहेदनं एकदा तिच्याकडे, एकदा काकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं टाइप केलं. पावतीचा फोटो काढला, भोकासकट. कागदाचा एक चिटोरा बाहेर आला, त्यावर तक्रारीचा नंबर. "तीस दिवस," तो म्हणाला. "मे लागता लागता कळन."

बाहेर रसवंतीवर तिनं दोन ग्लास सांगितले. घुंगरं वाजत होती, चरकात ऊस जात होता. रंगराव बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. डोकं हलकं झालं होतं, ताप उतरल्यावर होतं तसं, आणि त्या हलकेपणात कुठंतरी भलतंच दुखत होतं.

"तुले माहीत होतं," ते म्हणाले.

"मेसेज येत होते मले. कंपनीचे. कनेक्शन माह्या नावावर ना." तिनं ग्लासातला बर्फ बोटानं फिरवला. "बिल नाई भरलं, बिल नाई भरलं. दोन-चार आले. मंग तुमी एक दिवस बालुशाई आनली."

बालुशाही. हो की. वेसण आणायला गेलेला माणूस वेसण विसरून अर्धा किलो बालुशाही घेऊन आला होता. ना दसरा, ना दिवाळी. आठवलं आणि त्यांना हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं.

"म्या म्हनलं, आता भरलं असंन," ती म्हणाली. "सकाळी तारेत पाह्यलं तं पावती होती."

"भोक पाह्यलं?"

"पाह्यलं."

चरक थांबला. रसवाल्यानं चोथा वाकवून पुन्हा आत घातला.

"मंग इचारलं काऊन नाई, बाई?"

"माह्यीबी चूक हायच ना, मामाजी. तेव्हा एक फोन लावला असता कंपनीले, पैसे पोचले का म्हनून, तं हे सारं झालंच नसतं. लय खेपा फोन हातात घेतला म्या. पन मंग तुमच्या मागं चौकशी केल्यावानी झालं असतं." आणि घाईनं, जणू फारच बोलून झालं, ग्लास तोंडाला लावला.

रंगराव बघत राहिले. म्हणजे तो लाल डाग एकट्याचा नव्हता. मी तिच्यापासून लपवलं आणि तिनं मला लपवू दिलं, दोघांनी मिळून एकमेकांना इतकं जपलं की मधल्या मधे तिचं नाव खराब झालं. आणि ती लाल ओळ पुसली गेली तरी उशीर राहणारच, वाहेद म्हणाला. माझा उशीर, तिच्या नावावर. त्या मोठ्या शहरातला नोंद ठेवणारा मरेपर्यंत समजणार की संजीवनी नारखेडे नावाच्या बाईला वेळेचं भान नाही. तिला... जिच्या भाकरीवर घड्याळ लावून घ्यावं तिला.

आणि तेव्हापासूनच्या या सगळ्या दहा तारखा. दर महिन्याला तिनं माहीत असून बिलं हातात दिली, वर नोटा गुंडाळून दिल्या. मी गाडीत बसल्यावर ती फोन बघत असेल का, भरलं की नाही ते? दर दहा तारखेच्या संध्याकाळी, मी टोपी खुंटीला लावत असताना... विचारावं का? विचारलं तर ती खरं सांगेल, आणि खरं दोन्हीपैकी कोणतंही असलं तरी मला सोसणार नाही. तिनं विश्वास ठेवला असेल तर तो मी कमावलेला नाही. आणि ठेवला नसेल, तर मग लहान पोराच्या हाती खोटे पैसे देऊन दुकानदुकान खेळतात, तसं ती चार वर्षं माझ्याशी...

आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. पूर्वी ते मलकापूरहून आले की ती दारातच विचारायची, "भरलं का सगळं, मामाजी?" कित्येक वर्षं तोच प्रश्न. आता ती विचारते, "गर्दी होती का?" कधी बदलला हा प्रश्न? त्यांनी आठवून पाहिलं. पोळ्यानंतर. त्या पोळ्यानंतर तिनं एकदाही 'भरलं का' म्हटलं नव्हतं. आणि त्यांना, काट्यावर छटाक ओळखणाऱ्या माणसाला, चार वर्षांत हा फरक कळला नव्हता.

संजीवनीनं पिशवीतून लाइटचं बिल काढलं. आज आठ तारीख होती. "आलोच हाओत तं हे भरता का? तवर म्या काजाच्या मशिनीचा भाव इचारून येते. घेनं होवो नाई तं न होवो, इचाराले काय जाते." तिनं नोटा बिलात गुंडाळल्या आणि हात पुढं केला, नेहमीसारखाच, जरासुद्धा वेगळा नाही. ती असं कसं करू शकते, त्यांना कळेना. त्यांनी बिल घेतलं.

कोणत्या खिशात ठेवावं... बंडीच्या नको. सदऱ्याच्याही नको. ते हातातच धरून रांगेत उभे राहिले. पुढं नऊ माणसं. मागच्यानं "काय काटेवाले" म्हटलं, त्यांनी मान हलवली पण बोलले नाहीत, कारण बोलता बोलता बिल कुठं तरी ठेवलं जातं. खिडकी आली. पैसे दिले. पावती आली. तारीख छापील होती, ठळक, उजव्या कोपऱ्यात. त्यांनी ती बोटाखाली धरून वाचली, एक एक आकडा.

ती रस्ता ओलांडून येत होती. उन्हानं डोळे बारीक केलेले, पिशवी छातीशी. भाव जास्त सांगितला असणार, तिच्या चालण्यावरून कळत होतं. जवळ आली आणि पदरानं मान पुसत म्हणाली, "गर्दी होती का?"

"नाई," ते म्हणाले. आणि मग, जमिनीकडे बघत, एखादी लहानशी वस्तू उसनी मागावी तसं, "बाई... तू पयले इचारत होती ना, थे इचारत जाय."

ती थांबली. स्टँडवरून गाडीचा भोंगा वाजला. मग तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सरळ त्यांच्याकडे पाहून विचारलं, पूर्वी दारात उभी राहून विचारायची तसंच :

"भरलं का, मामाजी?"

हाव, असं जिभेवर आलंच होतं. ते थांबले. त्यांनी मूठ उघडली, चुरगळलेली पावती अंगठ्यानं सपाट केली, चष्मा नीट केला, आणि उत्तर देण्याआधी ती पुन्हा एकदा वरपासून वाचायला घेतली. आणि ती, गाडी सुटायची वेळ झालेली असून, वाचून होईपर्यंत उभी राहिली.